निवटीची आठवी उडी

समजा, तुम्ही निवटी आहात.

वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, चिखलाच्याच रंगाची मासळी. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे फुगलेले. पाण्यात तुम्ही जगता आणि ओल्या चिखलावरही जगता, पण अंग वाळलं की संपलात. ओहोटी सरत आली आहे. खाडीच्या उघड्या चिखलात तुम्ही एकट्या आहात आणि तुम्हाला काठावरच्या तिवरांच्या झाडीत पोचायचं आहे. समोर मोडकी होडी आहे. तिच्या सावलीत चिंबोरी असेल किंवा नसेल. डावीकडे शिंपल्यांची पट्टी आहे; तिच्यावर उडी घट्ट बसते, पण तिथे बगळा उभा असतो. भरतीचं पाणी यायला आठ उड्या उरल्या आहेत. होडीकडे जायचं असेल तर १ दाबा. पट्टीकडे जायचं असेल तर २.

दाबलंत? सात उरल्या.

हे सगळं १९९२ साली बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, ऑफिसातल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर पिवळट अक्षरांत उमटायचं. अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. चित्र एकही नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलाभोवती पाच-सहा माणसं हातात डबा धरून उभी असायची, आणि खुर्चीतला माणूस सातव्या उडीला आला की कुणी घास चावत नसे.

खेळ लिहिला होता पुष्पलता तरे हिने. वय चोवीस, गाव मुरबे. दिवसभर तिचं काम म्हणजे प्लांटवरून आलेले तापमानाचे आणि दाबाचे आकडे यंत्रात भरणं. पालघरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली ती घरातली पहिलीच; तिच्या आधी त्या घरात नोकरीचं ओळखपत्र कुणाच्या गळ्यात आलं नव्हतं. वडील दामू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. आई जमना चिखलात जायची.

मुरब्यात ‘चिखलात जाते’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ओहोटी लागली की बायका खाडीत उतरतात. बीळ ओळखायचं, हात खांद्यापर्यंत आत घालायचा, आणि आत जे वळवळेल ते बोटांनी दाबून बाहेर काढायचं. निवटी निघते, कधी चिंबोरी निघते, कधी चिंबोरी बोट धरते. जमना एक गुडघा फळीवर टेकून दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत अशी सरकायची, की काठावरून पाहणाऱ्याला वाटावं ही बाई पाण्यावरूनच चालली आहे.

लहानपणी पुष्पलताही तिच्यामागून जायची. दहावीच्या वर्षी जमनाने तिला चिखलातून उठवलं. तुझा हात आता पेनाला लाव, एवढंच म्हणाली आणि फळी एकच ठेवली. त्यानंतर आठ वर्षं पुष्पलताचा पाय खाडीत पडला नव्हता. पण खाडी तिच्या डोक्यात तशीच होती. मोडकी होडी, शिंपल्यांची पट्टी, बगळ्याची जागा, दोन तिवरं, मधला पाट. ही सगळी नावं आईची. नकाशात ती कुठेच नव्हती. यंत्रावर हात बसल्यावर तिने पहिल्यांदा काही स्वतःचं लिहिलं, ते त्या नावांचं. साहेबांनी काम संपल्यावर अर्धा तास यंत्र वापरायची परवानगी दिली होती. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत पाच महिने गेले.

खेळातला नायक निवटी, हे तिने ठरवलं तेव्हा तिला स्वतःलाच हसू आलं होतं. जे आपण तिखटात घालून खातो, तेच. पण एकदा निवटीच्या जागी बसून पाहिल्यावर तिला शत्रू शोधावा लागला नाही. बगळा होता, चिंबोरी होती, पाणसाप होता. आणि सातव्या उडीला होता हात.

‘मऊ चिखल. इथे एक बीळ आहे. लपायचं असेल तर १ दाबा.’ थकलेला माणूस १ दाबायचाच. मग पडद्यावर एक-एक शब्द थांबत थांबत यायचा: वर. अंधार. झाला. पाच. बोटं. आणि निवटी मेली. बिळात शिरायचं नाही, पाणी मागे लागलं असलं तरी उघड्यावरून पळत तिवरांकडे आठवी उडी मारायची, तरच सुटका.

घरी तिने आईला हे सांगितलं तेव्हा जमना सुकवलेले बोंबील निवडत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, “म्हंजी राक्षीन मी?”

“राक्षीण नाही गं, आये. हात फक्त.”

“हात कुनाचा मग? शेजारनीचा?” जमना म्हणाली, आणि त्या दिवशी पुष्पलताला वाढताना तिने पाच बोटं तिच्या डोळ्यांपुढे नाचवली. पुढे आठवडाभर ती येता-जाता विचारायची, आज किती खाल्ल्या मी.

बऱ्याच खाल्ल्या होत्या. बॉयलरवरचा एक उत्तर प्रदेशचा कामगार, ज्याला मराठी धड येत नव्हतं, तो रोज दारातून डोकावून विचारायचा, “दीदी, आज मछली पहुँची क्या?” मछली पोचत नव्हती.

ती पोचवली प्रताप राऊतने. प्रताप उमरोळीचा, वाडीवाल्यांच्या घरातला. घरी केळी, पानवेल, विहीर. आणि हा कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. दाबाचा काटा खरा दाखवतो की खोटा, हे तपासणं त्याचं काम, आणि तीच त्याची खोड. कुठलाही आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय तो मानत नसे. त्याने खेळाचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला, प्रत्येक मरण लाल पेनने मांडलं, आणि तेविसाव्या खेपेला आठवी उडी मारली. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. प्रताप खुर्चीतून उठला नाही. तो पुष्पलताकडे वळून म्हणाला की खेळ छान आहे, पण नकाशा तुमच्या मनातला आहे. होडीपासून पट्टी एवढी जवळ असूच शकत नाही.

तिला ते लागलं. ती म्हणाली, एकूण एक जागा खरी आहे, माझी आई रोज त्या वाटेने जाते.

“तरेबाई, दाखवा मग.”

“दाखवते की. पण पाय धुवायला पाणी तुमचं तुम्ही आणा.”

सगळे हसले. तिथेच ठरलं. येत्या सुट्टीला प्रतापने सायकलने खाडीकाठच्या खार बांधापर्यंत यायचं, तिथून चिखलात उतरायचं, खेळातल्या आठही जागा पायाने मोजत वाकडी वाट धरून बंदराच्या धक्क्याला निघायचं. धक्क्यावर पुष्पलता थांबेल, घरी चहा आणि निवटीचं कालवण. जमनाच्या चालीने ती वाट अर्ध्या तासाची होती. प्रतापला पाऊण तास धरला.

राहिली पाण्याची वेळ. ती तर यंत्रातच होती.

भरतीचा हिशेब मुरब्यात शेंबड्या पोरालाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी. पुष्पलताने हाच हिशेब खेळात घातला होता, म्हणजे ज्या दिवशी खेळाल त्या दिवसाचं खरं पाणी निवटीच्या मागे लागेल. वर्षभराच्या अमावास्या-पौर्णिमेच्या तारखा तिने कॅलेंडरमधून उतरवून यंत्राला दिल्या होत्या. तारीख टाकली की यंत्र अमावास्येपासून दिवस मोजायचं, पाऊणने गुणायचं आणि वेळ सांगायचं. हा भाग सगळ्या खेळात तिला जास्त आवडायचा. तिने सुट्टीची तारीख टाकली. तिसरा दिवस, म्हणजे तीज. भरती सव्वादोनला, ओहोटी आठला. मधला पाट भरायला लागेल सव्वानऊला.

हा मधला पाट महत्त्वाचा. चिखलाचं मैदान आणि काठ यांच्यामध्ये एक खोलगट ओहोळ आहे. भरतीचं पाणी समोरून येत नाही. ते आधी या पाटातून गुपचूप शिरतं आणि माणसाच्या पाठीमागे जातं. समोर कोरडा चिखल दिसत असतो, आणि परतीची वाट बंद झालेली असते.

तिने वेळांची चिठ्ठी छापली आणि प्रतापला दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली. आईला तिने नीट सांगितलं नाही. सुट्टीला ऑफिसातले एकजण जेवायला येतील, एवढंच.

माघ लागून तीन दिवस झाले होते. सकाळी अंगाला गार वारा झोंबत होता. पुष्पलता पावणेआठलाच धक्क्यावर येऊन उभी राहिली. खाडी उपसून रिकामी केल्यासारखी उघडी पडली होती, चिखल उन्हात काचेसारखा चमकत होता. बरोबर आठ वाजता दूर बांधाच्या टोकाला एक पांढरा ठिपका खाली उतरला. पांढरा सदरा. चिखलात यायला पांढरा सदरा घालणारा माणूस उमरोळीचाच, असं मनात येऊन ती हसली. ठिपका थांबला, वाकला, पुढे सरकला. पहिली जागा.

आठ वाजून दहा मिनिटांनी जमना फळी आणि टोपली घेऊन धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आली.

पुष्पलताने घड्याळ पाहिलं. ओहोटी आठला असेल तर आई नवाच्या आत वर यायला नको. तिने विचारलं, आज एवढ्या लवकर?

जमना टोपली खाली ठेवत म्हणाली, “लवकर कसली? पानी वळून तास होत आला.”

“पाणी आठला वळणार ना? आज तीज आहे.”

“तीज उद्या. आज बीजच हाय. काल बीज, आज बी बीज. क्यालेंडर नाय बघितलंस?”

पुष्पलताने कॅलेंडर बघितलं नव्हतं. कधीतरी एक तिथी दोन दिवस येते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दोनदा चतुर्थी आली की आई दोनदा कुरकुरायची. पण यंत्राला तिने ते सांगितलं नव्हतं. यंत्र दिवस मोजत होतं. एक, दोन, तीन. दोनाची पाऊणपट दीड, तिनाची सव्वादोन. पाऊण तासाचा फरक. पाट सव्वानऊला नाही, साडेआठला भरणार होता. घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झाली होती, आणि प्रताप आठाच्या ठोक्याला उतरला होता.

जमनाने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग ती पाहत होती तिकडे पाहिलं.

“तो कोन?”

पुष्पलताने सांगितलं. दोन वाक्यांत सगळं सांगून झालं. जमनाने टोपली पायाने बाजूला सारली, फळी उचलली आणि आल्या पायऱ्यांनी परत खाली उतरली. चार पायऱ्या उतरल्यावर मागे न बघता म्हणाली, “होडीवरला दोर घे. पाटापातुर ये, फुडं येशील तर तंगडी मोडीन.”

पुष्पलताने आधी हाका मारल्या. वारा समुद्राकडून होता, हाक तिच्याच तोंडावर परत येत होती. तिने ओढणी काढून दोन्ही हातांनी डोक्यावरून हलवली. दूरच्या पांढऱ्या ठिपक्याने हात वर करून तिला उत्तर दिलं. पुन्हा हलवली. त्याने पुन्हा हात केला, या वेळी दोन्ही. तो मोडक्या होडीशी पोचला होता. तिसरी जागा. आणि तिथेच थांबला.

ती धक्क्याला बांधलेल्या होडीतला दोर खांद्यावर घेऊन पळाली. पायऱ्यांच्या खाली चिखलात पहिला पाय टाकला तो घोट्यापर्यंत गेला, दुसरा पोटरीपर्यंत. आठ वर्षांत पायांनी सगळं विसरून टाकलं होतं. टाच आधी टेकायची नाही, पाऊल तिरकं उचलायचं. हे आठवेपर्यंत ती दोनदा पडली. तोंडात खारट माती गेली. पडद्यावर ही जागा एका ओळीची होती. ‘दोन तिवरं. पुढे पाट.’ त्या एका ओळीला तिला सात मिनिटं लागली.

पाटाशी ती पोचली तेव्हा तळाला पाण्याची एक जीभ आली होती. हातभर रुंद. काडी-कचरा पुढे ढकलत ती उलट्या दिशेने, जमिनीकडे, चालत होती. पाटाच्या पलीकडे जमना फळीवरून सरकत होती, एक पाय मागे जात होता, येत होता. ती लहान होत चालली होती.

प्रताप मात्र होडीशी उभाच होता. का उभा आहे हा? त्याला पाणी दिसत नाही का?

त्याला पाणी दिसत नव्हतं, हे नंतर त्याने सांगितलं. पाटाकडे त्याची पाठ होती. त्याच्या चिठ्ठीप्रमाणे अजून तासभर होता आणि तो घाईत नव्हता. होडी ते पट्टी हे अंतर तो पावलांनी मोजत होता, कारण त्याचं म्हणणंच ते होतं. शिवाय वेळ बघायला त्याच्याकडे चिठ्ठीहून पक्की खूण होती. आजूबाजूला शंभर-दोनशे निवट्या चिखलावर खेळत होत्या. खेळात पाणी यायला लागलं की निवटी तिवरांकडे पळत सुटते. तेवीस वेळा त्याने ते वाचलं होतं. इथे एकही पळत नव्हती. उलट त्या कमी होत होत्या. एक इथे होती, ती नाही. दुसरीकडे पाहिलं, तीही नाही. ऊन चढलं म्हणून गेल्या असतील, असं त्याला वाटलं. हळूहळू सगळा चिखल निर्मनुष्य गावासारखा झाला, आणि त्याला बरंच वाटलं. कुणी पळत नाही म्हणजे वेळ आहे.

मग त्याच्या पायाखाली चिखल सैल झाला. भरतीचं पाणी वर दिसायच्या आधी खालून येतं. तो गुडघ्यापर्यंत गेला. पाय उपटायला दुसरा रोवला, तो मांडीपर्यंत गेला.

पुष्पलताला लांबून एवढंच दिसलं, की पांढरा सदरा बुटका झाला.

पाटात पाणी आता तिच्या गुडघ्याला होतं. तिने दोराचं एक टोक तिवराच्या बुंध्याला बांधलं. गाठ बसेना, दोर चिखलाने निसटत होता. दातात धरून ओढली तेव्हा बसली. आईने पुढे यायचं नाही म्हटलं होतं. ती दुसरं टोक कमरेला गुंडाळून पाटात उतरली आणि पलीकडच्या काठाला छातीभर पाण्यात उभी राहिली, कारण दोर तितकाच पुरत होता. पुढे सपाट चिखलावर पाण्याचा पातळ थर पसरत होता, ऊन पडल्यामुळे तो चिखलाहून वेगळा दिसत नव्हता. तिला आपल्या घड्याळाकडे बघायचं नव्हतं आणि ती बघत होती. आठ सदतीस.

जमना होडीशी पोचली होती. त्या दोघांमधलं बोलणं पुष्पलताला ऐकू आलं नाही. ते प्रतापने नंतर कारखान्यात सगळ्यांना जसंच्या तसं करून दाखवलं.

जमना म्हणाली, “झोप.”

त्याला कळलं नाही. तो म्हणाला, “मावशी, हात द्या.”

“हात देतंय. आदी झोप. पोटावर.”

तो झोपेना. पाण्याचा थर बोटभर झाला होता, त्यात तोंड घालून पालथं पडायचं ही गोष्ट कुठल्या माणसाला सुचेल? तो उभ्यानेच पाय ओढत राहिला आणि कमरेपर्यंत गेला. तेव्हा जमनाने फळी त्याच्या छातीखाली सारली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला आडवा केला.

“निवट्या कशा पडतात बघितल्यास ना? तसा पड. इज्जत घरी जाऊन सांभाळ.”

मग ती स्वतः त्याच्या शेजारी पालथी झाली. तिने हात त्याच्या मांडीलगत चिखलात घातला. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, मग गाल पाण्याला टेकला. बोटांनी तिने त्याच्या पावलाभोवतीचा चिखल फोडला, आत पाणी शिरू दिलं, आणि घोटा धरून पाय वर ढकलला. बिळातून निवटी काढतात तसाच. बूट खाली राहिला. दुसऱ्या पायाला वेळ लागला. तोपर्यंत पाणी फळीच्या वर चढलं होतं आणि जमना दर वेळी श्वास घ्यायला मान वळवत होती.

दोघं फळीला धरून, निम्मी सरकत निम्मी तरंगत पाटाकडे आली. प्रताप विहिरीत पोहायला शिकलेला होता, पण पाटात आता पाण्याला ओढ होती आणि त्याच्या पायांत जीव नव्हता. शेवटच्या वीसेक हातांत त्याची पकड सुटली. पुष्पलताने दोराला ताण देऊन हात लांब केला, त्याच्या सदऱ्याची कॉलर तिच्या मुठीत आली. तिने ती सोडली नाही. मागून जमना फळीने त्याला ढकलत होती. तिवराच्या मुळांना हात लागला तेव्हा पाणी तिघांच्या खांद्यांवर होतं.

बांधावरच्या सायकलीचं काय, हे प्रतापने पहिल्यांदा विचारलं. जमना म्हणाली सायकल कोरडी हाय, तू ओला हायस.

घरी तिने त्याला दामूची लुंगी दिली, चहा दिला, कालवण-भात वाढला. तो खाता खाता थांबला आणि ताटातल्या निवटीकडे बघत राहिला. जमनाने विचारलं, “तिखट लागलं?” तो नाही म्हणाला आणि खाल्ली. तो गेल्यावर पुष्पलता आईपुढे बसली. तिला शिव्या हव्या होत्या. जमना तिच्या दोराने कापलेल्या हिरडीला हळद लावत म्हणाली, “तुज्या पेटीला सांग, बीज दोन आल्या.” आणि थोड्या वेळाने, “आनि निवटी पळते कुटं गं, पानी आल्यावर? कोन म्हनालं तुला? ती बिळात जाते.”

पुष्पलताला ते माहीत असायला हवं होतं. पण चिखलात असताना ती नेहमी आईच्या हाताकडे बघत आली होती. बीळ म्हणजे जिथून निवटी बाहेर येते ती जागा. आत जाणारी निवटी तिने पाहिली नव्हती, कारण निवट्या आत जायला लागायच्या आत आई तिला घेऊन घरी निघालेली असायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सगळ्यांसमोर सांगितलं की खेळ चुकीचा आहे, कुणी खेळू नका. बॉयलरवाल्याला वाईट वाटलं. प्रतापने लाल पेनचा नकाशा काढून तिच्या टेबलावर ठेवला. होडीपासून पट्टी सव्वीस पावलं. तिचा आकडा बरोबर होता, हे त्याने कोपऱ्यात लिहून सही केली होती. चिठ्ठीच्या वेळांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पुढे दोन वर्षांनी तो वापीला गेला.

तिथीची चूक दुरुस्त करायला तिला एक संध्याकाळ लागली. आता खेळ दिवस मोजत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरात आज कोणती तिथी आहे ते खेळणाऱ्यालाच विचारतो. दुसरी दुरुस्ती, बिळाची, अजून झालेली नाही. कारखान्यातलं यंत्र बदललं, तिचं टेबल बदललं, जुन्या फ्लॉपीला मुरब्याच्या दमटपणाने बुरशी आली, तरी खेळाच्या ओळी तिने वहीत हाताने उतरवून ठेवल्या आहेत. सातव्या उडीला आता १ दाबलं की हात येत नाही. निवटी बिळात उतरते, वर पाणी चढतं, पडद्यावरची अक्षरं विझतात. त्यापुढच्या ओळीचा नुसता क्रमांक लिहिलेला आहे, ओळ कोरी आहे.

गुडघे गेल्यापासून जमनाही चिखलात जात नाही. ओसरीवर बसून दोघी कधीकधी त्या कोऱ्या ओळीबद्दल बोलतात. पुष्पलता विचारते, आणि दर वेळी जमना तेच सांगते: “माजा हात गेलाय तितवर. डोळे नाय गेले.” पालघरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनाही पुष्पलताने विचारून पाहिलं, त्यांनी पुस्तकात बघून सांगतो म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली.

वर माणसाच्या डोक्याइतकं पाणी, भोवती अंधार, आणि पुढची ओहोटी कित्येक तासांवर. तितका वेळ निवटी त्या बिळात काय करत असेल, आणि वर चिखल उघडा पडला हे आतल्या आत तिला कसं कळत असेल?